किल्ली कुणाकडे?

जूनचा दुसरा आठवडा. भाची सहावीत गेली आणि तिचा दम्याचा पंप शाळेत नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसातल्या बाईंनी तो झिपच्या पिशवीत घातला, वर मार्करने नाव, इयत्ता, तुकडी लिहिली आणि मागचं लोखंडी कपाट उघडून वरच्या कप्प्यात ठेवून दिला. आत आंतरशालेय स्पर्धांच्या ढाली, खडूची खोकी, गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि बंद पडलेला एक भोंगा. कपाटाला कुलूप लागलं, किल्ली शिपाईकाकांच्या खिशात गेली. ‘काळजी करू नका, अगदी सुरक्षित आहे,’ बाई म्हणाल्या. सहावी ‘ब’ चा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. तो बघून उतरताना मी पायऱ्या मोजल्या. बासष्ट. मला दमा नाही, तरी चढताना धाप लागली होती.

बाईंची चूक काढायची नाही. मुलाचं औषध मोठ्यांनी कुलपात ठेवायचं, ही रीत त्यांनी पाडलेली नाही. पण हातात मावणारी ही निळी वस्तू मुळात कशासाठी जन्मली ते माहीत असल्यामुळे मला त्या बासष्ट पायऱ्या खुपल्या.

सुरुवात शब्दापासून करतो. ‘दमा’ आपल्याकडे फारसीतून आला. ‘दम’ म्हणजे श्वास. त्या एका शब्दाच्या आधारावर मराठीने पुढे केवढा संसार थाटला: दम धरा, दम काढा, दम दिला, दमछाक, बेदम. त्याआधी वैद्यांकडे ‘श्वास’ होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उचकी आणि श्वास यांना मिळून एक अध्याय आहे आणि तिथे श्वासाचे महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या तमकश्वासाचं वर्णन कुठल्याही शिक्षकाला ओळखीचं वाटेल. घशात घुरघुर होते, कपाळावर घाम येतो, आडवं झालं की जीव घाबरतो आणि बसलं की जरा बरं वाटतं. आभाळ भरून आलं, पाऊस लागला, गारवा पडला, पूर्वेचा वारा सुटला की त्रास वाढतो. शाळा सुरू होतात त्याच दिवसांचं हे हवामान.

औषध फुप्फुसातच पोहोचवावं, ही कल्पनाही जुनी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 1550 मधल्या इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये तापलेल्या विटांवर वनस्पती टाकून त्यांची वाफ हुंगायला सांगितलं आहे. आपल्याकडे औषधी धूर घ्यायची पद्धत होती, आणि गावोगावी चिलमीत धोत्र्याची पानं घालून ओढणारे दमेकरी होते. महादेवाला वाहायचा धोत्राच तो. त्यातली द्रव्यं श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतात, म्हणून उतार पडायचा. प्रमाण चुकलं तर माणूस भ्रमिष्ट व्हायचा, ते वेगळं. मद्रासमध्ये कंपनी सरकारचे वैद्यकीय प्रमुख डॉ. जेम्स अँडरसन यांनी हा उपाय पाहिला आणि 1802 साली जनरल जेंट या लष्करी अधिकाऱ्याने तो ब्रिटनला नेला. म्हणजे विलायतेने दम्याचा धूर आपल्याकडून उचलला. पुढे त्यांनी त्याच्या सिगारेटी वळल्या, पुड्या बांधल्या, डब्यांवर छान चित्रं छापली आणि पेठेत विकल्या. याच धोत्र्याच्या कुळातल्या अॅट्रोपिनपासून पुढे इप्राट्रोपियम तयार झालं आणि ते आज पंपातून मिळतं. पाहुणा दीडशेहून अधिक वर्षांनी कपडे बदलून घरी परतला म्हणायचा.

या सिगारेटी मुलांनाही ओढायला दिल्या जात. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट लहानपणी दम्याने रात्ररात्र बसून असत. त्यांना कडक कॉफी पाजली जाई, सिगार ओढायला लावली जाई, आणि वडील त्यांना घोडागाडीत घालून मध्यरात्री न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून फिरवीत, वारा तोंडावर यावा म्हणून. कॉफीत तथ्य होतं. हेन्री हाइड सॉल्टर या लंडनच्या डॉक्टरने, जो स्वतः दमेकरी होता, 1860 च्या आपल्या ग्रंथात कॉफीची शिफारस केली आहे. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तला पहिला मोठा झटका लहानपणी पॅरिसच्या एका बागेतून फिरून येताना आला. त्यानंतर शाळेत त्याच्या गैरहजेऱ्या वाढत गेल्या आणि दम्याच्या सिगारेटी आयुष्यभर पुरल्या.

विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत अॅड्रिनॅलिन हाती लागलं. 1903 पासून दम्यासाठी त्याची इंजेक्शनं देऊ लागले. सुई मुलाच्या हातात देता येत नाही, म्हणून मग काचेचा फवारा आला. रबरी फुगा दाबला की द्रावणाचे तुषार उडत. अत्तराच्या जुन्या बाटल्या आठवा, तसंच. अर्जेंटिनातल्या एर्नेस्तो गेवाराला, म्हणजे पुढे क्रांतिकारक झालेल्या ‘चे’ला, दोन वर्षांचा असताना दमा जडला. त्याच्यासाठी घरच्यांनी शहर सोडलं आणि कोरडी हवा शोधत आल्ता ग्रासिया या डोंगराळ गावी बिऱ्हाड हलवलं. शाळा इतकी बुडायची की आई घरीच शिकवायची. मोठा झाल्यावर हाच मुलगा रग्बी खेळायचा आणि धाप लागली की मैदानाच्या कडेला धावत येऊन फवारा मारून परत आत जायचा. दम्याच्या मुलाला बाकावर बसवून ठेवणाऱ्या प्रत्येक पी.टी.च्या सरांनी हे चित्र डोळ्यांसमोर आणावं. फवारा कडेला होता, ऑफिसात नव्हता.

पण काचेचा फवारा दप्तरात कसा न्यायचा? फुटतो, गळतो, आणि फुगा किती जोरात दाबला त्यावर औषध कमीजास्त होतं. ही कुरकूर एका शाळकरी मुलीने केली आणि तिथून सगळं बदललं.

1955 साल. लॉस एंजेलिसमध्ये रायकर लॅबोरेटरीज नावाची औषध कंपनी होती, तिचे प्रमुख जॉर्ज मेसन. त्यांची तेरा वर्षांची मुलगी सूझी दमेकरी. केसांचा स्प्रे डबीत मिळतो तसं माझं औषध डबीत का देत नाहीत, असं तिने वडिलांना विचारलं. बहुतेक बापांनी असला प्रश्न ‘अभ्यास कर’ म्हणून उडवून लावला असता. मेसननी तो कारखान्यात नेला. कंपनीतल्या एका रसायनज्ञाने जुना आइस्क्रीमचा फ्रीझर आणि बाटल्यांना झाकणं बसवायचं यंत्र घेऊन खटपट सुरू केली. अत्तराच्या धंद्यात एक झडप तयार होती, दर दाबाला अगदी मोजका थेंब सोडणारी. तीच इथे बसवली. किती औषध उडावं हे आता दाबणाऱ्या हाताच्या जोरावर राहिलं नाही, ते झडप ठरवू लागली. 1956 च्या मार्चमध्ये हा ‘मेडिहेलर’ बाजारात आला. आजचा पंप त्याचाच वंशज आहे. आतला वायू ओझोनच्या करारानंतर बदलला, औषधं बदलली, पण दाबायची डबी, प्लॅस्टिकचं बूड आणि ‘फुस्स’ हा आवाज तोच. शाळेत जाणाऱ्या मुलीला स्वतःजवळ बाळगता यावी म्हणून बनलेली ही वस्तू आहे, एवढं ध्यानात ठेवून पुढे वाचावं.

कारण पुढचं प्रकरण वाईट आहे. साठच्या दशकात इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याने मरणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली आणि सर्वांत मोठी उडी 10 ते 14 या वयात होती. सहासात वर्षांत त्या वयाचा मृत्युदर सात-आठ पटींनी चढला. संशयाची सुई आयसोप्रीनलिनच्या पंपाकडे वळली, विशेषतः नेहमीच्या पाचपट तीव्रतेच्या ‘फोर्ट’ प्रकाराकडे. मुलं एकामागून एक फवारे मारत राहिली, तात्पुरतं मोकळं वाटत राहिलं, आतली सूज वाढत गेली आणि दवाखाना गाठायला उशीर झाला. इशारे निघाले, विक्रीवर बंधनं आली, मृत्यू कमी झाले. मात्र पंपाविषयीची जरब मोठ्यांच्या मनात ठाण मांडून बसली. शाळेच्या कपाटाला पहिलं कुलूप या जरबेने घातलं असं मला वाटतं. सालबुटामॉल हे जास्त नेमकं, हृदयाला कमी धडधडवणारं औषध 1969 मध्ये आलं आणि 1972 मध्ये बेक्लोमेथासोन, म्हणजे श्वासातून घ्यायचं सूज उतरवणारं स्टेरॉइड. तेव्हापासून दम्याला पंप दोन झाले. एक रोज सकाळ-संध्याकाळ घरी घ्यायचा, सूज धरू नये म्हणून. दुसरा अडीअडचणीला. शाळेत लागतो तो हा दुसरा. तो वरचेवर लागू लागला की घरचा पहिला पंप नीट घेतला जात नाही, इतकं साधं गणित आहे.

त्या काळातला एक माणूस मला फार आवडतो, म्हणून थोडा आडवाटेला जातो. रॉजर अल्टुन्यान. सीरियात जन्मलेला, स्वतः दमेकरी डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेलं. आर्थर रॅन्समच्या ‘स्वॅलोज अँड अॅमेझॉन्स’ या गाजलेल्या मुलांच्या कादंबरीतला धाकटा रॉजर तो हाच. नवनवी संयुगं तो स्वतः हुंगायचा आणि मग मुद्दाम स्वतःला दम्याचा झटका आणून औषध चालतं का ते बघायचा. त्यातून क्रोमोग्लायकेट हे औषध मिळालं. ते कोरड्या भुकटीत होतं, म्हणून त्याने आत पंखा फिरणारं उपकरण बनवलं. विमानाचा पंखा त्याच्या डोक्यातून गेलेला नव्हता. असो.

औषधाची वाट अशी मुलाच्या हातापर्यंत येत होती, तेव्हा शाळेची वाट नेमकी उलट्या दिशेने चालली होती. अशक्त मुलांना नेहमीच्या शाळेतून बाहेर काढायचं, हे शिक्षणखात्यांचं धोरण होतं. 1904 मध्ये बर्लिनजवळ शार्लोटनबुर्गच्या पाइनच्या रानात उघड्यावरची शाळा निघाली, 1907 मध्ये लंडनला तशीच दुसरी. क्षयाची भीती, पंडुरोग, दमा सगळं एकत्र. मुलं घोंगड्या पांघरून झाडाखाली पाढे म्हणत. अमेरिकेत डेन्व्हरला दम्याच्या मुलांची वसतिशाळा झाली. तिथले डॉ. मरे पेश्किन यांचं म्हणणं असं, की दमा घरातल्या ताणामुळे बळावतो. मुलाला आईबापांपासून दीड-दोन वर्षं तोडलं की तो सुधारतो. या उपायाला त्यांनी नावही दिलं होतं, ‘पॅरेंटेक्टमी’. अपेंडिक्स काढावं तसे आईबाप काढायचे! शिकागोच्या मनोविश्लेषकांनी 1941 मध्ये त्यावर कडी केली. दम्याची घरघर म्हणजे आईसाठी दाबून धरलेलं रडणं, असं त्यांनी लिहिलं. मुलं सुधारत हे खरं होतं, पण घरची धूळ, मांजर आणि धूरही आईबापांबरोबरच मागे राहत होता. आपल्या शाळांतून आजही ‘घाबरतो म्हणून धाप लागते, लक्ष देऊ नका’ हे वाक्य ऐकू येतं. त्याचं मूळ असल्या ग्रंथांत आहे.

सूज उतरवणारे पंप आले आणि वसतिशाळांची गरज उरली नाही. मूल नेहमीच्या वर्गात परतलं, दप्तरात पंप घेऊन. आणि दाराशीच तो काढून घेण्यात आला. अमेरिकेत ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमली पदार्थांविरुद्ध शाळांनी कडक नियम केले, त्यात औषध म्हणून पंपही सापडला. नर्सच्या खोलीत जमा करायचा, लागला की तिथे जायचं, नर्स नसेल तर थांबायचं. 2004 साली तिथल्या संघराज्य सरकारने कायदा केला, की मुलांना पंप जवळ बाळगू देणाऱ्या राज्यांना दम्यासाठीच्या अनुदानात प्राधान्य मिळेल. पैशाची भाषा लवकर कळते. आता सगळ्या 50 राज्यांत ती मुभा आहे.

कॅनडात किंमत जास्त मोजावी लागली. ऑक्टोबर 2012 मध्ये ऑन्टारियोतल्या एका शाळेत रायन नावाचा बारा वर्षांचा मुलगा मधल्या सुट्टीत खेळताना कोसळला आणि गेला. त्याचा पंप मुख्याध्यापकांच्या ऑफिसात कुलपात होता. त्याच्या आईने पुढची अडीच वर्षं आमदारांची दारं ठोठावली. 2015 मध्ये ‘रायन्स लॉ’ झाला: पालकांची परवानगी असेल तर मुलाला पंप स्वतःजवळ ठेवू देणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक. ब्रिटनने एक पाऊल पुढे टाकलं. 1 ऑक्टोबर 2014 पासून तिथल्या शाळांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सालबुटामॉलचा पंप विकत घेऊन ठेवता येतो. दम्याचं निदान झालेल्या मुलाचा स्वतःचा पंप संपला, हरवला तर शाळेचा वापरायचा. तिकडे एक निरीक्षण पक्कं झालं आहे. उन्हाळी सुट्टी संपून शाळा भरली की दोनतीन आठवड्यांत दम्याची मुलं इस्पितळात दाखल व्हायला लागतात, कारण वर्गात सर्दीचे विषाणू वाटले जातात. ही गोष्ट त्यांना सप्टेंबरच्या आकड्यांवरून कळली. आपला सप्टेंबर जूनमध्ये येतो आणि पाऊस घेऊन येतो.

आपल्याकडे शाळेतल्या आरोग्याची नोंद मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी आहे. भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी 1909 साली सयाजीरावांच्या बडोद्यात झाली. 2013 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन झालं ते पालघरला, आणि त्यात तपासायच्या आजारांच्या यादीत श्वासनलिका आवळण्याचा हा विकारही आहे. पंपसुद्धा इथेच बनू लागला. सिप्ला या मुंबईच्या औषध कंपनीने 1976 मध्ये दम्यासाठी फवाऱ्याची औषधं बाजारात आणली, पुढे भुकटीच्या कॅप्सूलचा रोटाहेलर घरोघर गेला. म्हणजे तपासणी आपली, पंप आपला. तरी 2019 च्या जागतिक अंदाजात भारतातल्या दमेकऱ्यांची संख्या सुमारे 3.4 कोटी, जगाच्या 13 टक्के, आणि दम्याच्या मृत्यूंत आपला वाटा 40 टक्क्यांहून अधिक. 

हा फरक कुठून येतो? औषध महाग, डॉक्टर लांब ही कारणं आहेतच. पण पंप न घेण्याचीही आपल्याकडे परंपरा आहे. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य मी सुशिक्षित घरांत ऐकलं आहे. मृगाच्या सुरुवातीला दम्यावर उपाय म्हणून हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणाऱ्यांच्या गर्दीत महाराष्ट्रातली कुटुंबं असतात. कोजागिरीला चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध घेण्यासाठी लोक रात्रभर जागतात. आणि मुलगी असेल तर अजून एक कुलूप लागतं, लग्नाचं. आमच्या ताईने पहिली दोन वर्षं भाचीच्या आजाराला ‘जरा अॅलर्जी आहे’ म्हटलं. शाळेच्या फॉर्मवर ‘इतर आजार’ या रकान्यात तिने रेघ मारली होती. शाळेला दोष देण्याआधी ही रेघ पुसायला हवी.

पंप कपाटात गेल्यानंतर एका मंगळवारी भाचीला शाळेत धाप लागली. झाडलोट झालेल्या वर्गात डस्टर आपटत होते. मी पोहोचलो तेव्हा ती पायरीवर बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपाशी. दर श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. वाक्य पुरं होत नव्हतं, दोन शब्द आणि थांबणं. शिपाईकाका बँकेत गेलेले. कपाट उघडायला अकरा मिनिटं लागली. हे कुणी घड्याळ लावून मोजलं नाही, तिनेच मोजलं. समोर भिंतीवर घड्याळ होतं.

त्या दिवशी बाईंना आणि मलाही पंप नीट मारता आला नाही. दाबला एकीकडे, श्वास दुसरीकडे. त्यावर स्वस्तातला उपाय आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. हेदर झार यांनी 1999 मध्ये दाखवून दिलं, की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या मापाचं भोक पाडून तो घट्ट बसवला, की ती पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या महागड्या स्पेसरइतकंच काम करते. बाटलीचं तोंड मुलाच्या ओठांत. पंप हलवायचा, एकदा दाबायचा, मुलाने सावकाश चार-पाच श्वास घ्यायचे. अर्ध्या-एक मिनिटाने पुन्हा. असे दहापर्यंत फवारे देता येतात. तेवढ्याने उतार नसेल, ओठ निळसर दिसले, बोलता येत नसेल तर 108 ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवायचे. मुलाला आडवं करायचं नाही. चरकाने सांगितलं होतंच, बसल्याने बरं वाटतं.

आता भाचीचा पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो. दुसरा वर्गशिक्षिकेच्या टेबलाच्या खणात, बिनकुलपाचा, सोबत भोक पाडलेली बाटली. बाईंनी मुळीच आडकाठी केली नाही. कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

तुमच्या घरात दम्याचं मूल असेल, किंवा तुमच्या वर्गात, तर येत्या सोमवारी शाळेत जा. पंप कुठे आहे, त्यावरची तारीख कुठली, आणि किल्ली कुणाकडे आहे, एवढं विचारून या.